गुड्डूचं शाळेतलं नाव

बोधकथेत बहुधा एखादा राजा असतो, नाहीतर लबाड कोल्हा. आमच्या या गोष्टीत रायपूरच्या एका पाच मजली सोसायटीत राहणारा बाप आहे. त्याचं नाव काहीही असो, गोष्टीत त्याला बापाचंच काम आहे, म्हणून आपण त्यांना बाबा म्हणू. त्यांचा मुलगा गोलू, वय वर्षं नऊ. तिसऱ्या मजल्यावर गोलूचा दोस्त राहतो, गुड्डू. ही दोन्ही घरातली नावं. छत्तीसगढात दर दुसऱ्या घरात एखादा गोलू किंवा गुड्डू सापडतो. या नावांवरून कोण कुणातला, हे कुणाच्या बापालाही कळत नाही. आमच्या गोष्टीतल्या बापाला तर नऊ महिने कळलं नव्हतं.

बाबा मूळचे तात्यापाऱ्याचे. पारा म्हणजे आपला मोहल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या मागोमाग जी मराठी घरं छत्तीसगढात आली, त्यांतली बरीचशी रायपुरात याच भागात स्थिरावली. 1854 साली इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं. भोसले गेले, घरं राहिली. त्यांचं मराठीही राहिलं, पण इथल्या हवेत थोडं विरघळून. आजही चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात जा, पंगतीत कुणीतरी म्हणतंच, 'सब्जी मस्त बनली आहे, थोडी अजून द्या.' बाबांचा जुना वाडा पाच भावांत वाटला जाऊन विकला गेला, तेव्हा ते आईला घेऊन या सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहायला आले. आई म्हणजे गोष्टीतली आजी. तिचं वय बहात्तर, कान तिखट.

बाबांना काळजी करायची सवय होती आणि काळजी ते व्यवस्थित करत. आपल्या मुलाच्या कानावर वाईट काही पडू नये, यासाठी त्यांनी काय केलं नव्हतं? संध्याकाळी बातम्यांच्या वाहिन्यांवर आरडाओरडा सुरू झाला की टीव्ही बंद. नातेवाइकांच्या तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून ते कुणाला न दुखावता बाहेर पडले होते. गोलूच्या मोबाइल बघण्याला अर्ध्या तासाची मर्यादा, तीही शेजारी बसून. रात्री अंथरुणावर पडलं की छताकडे बघत ते बायकोला म्हणायचे, ''अगं, बाहेर हवाच विषारी झाली आहे. या पोराला त्यातून कसं न्यायचं?''

या काळजीला एक जुनी ठणकही होती. 26 डिसेंबर 2021 रोजी रायपूरच्या रावणभाठा मैदानावर धर्मसंसद भरली. अकोल्याहून आलेल्या कालीचरण महाराजांनी तिथल्या व्यासपीठावरून गांधीजींना शिवी दिली आणि नथुराम गोडशाला हात जोडले. 30 तारखेला पोलिसांनी त्यांना मध्य प्रदेशातून अटक करून आणलं. त्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी एक सहकारी सहज म्हणाला, ''आपके उधर का है न?''

बाबा चपापले. ''नाही हो, आम्ही तर पाच पिढ्या इथलेच,'' असं काहीतरी हिंदीत बोलून गेले. आपण कधी न पाहिलेल्या माणसाचा हिशेब आपल्याकडे मागितला गेला, का तर आडनाव त्याच मुलखातलं. आणि आपण तो दिलाही! जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना हे टोचत होतं. डबा उघडला आणि विसरले. तिथे विसरले नसते, तर पुढची गोष्ट कदाचित घडलीच नसती.

गुड्डूचं बिऱ्हाड 2022 च्या जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं आलं. दारावर पाटी घरमालकाची होती ती तशीच राहिली. गुड्डू डावखुरा. टेनिसचा चेंडू असा टाकायचा की पार्किंगच्या सिमेंटवरही तो वळायचा. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून दोघं खाली. संध्याकाळी आमच्या चौथ्या मजल्यावर पोहे झाले की गुड्डूची बशी ठरलेली. ''गुड्ड्या, लिंबू पिळू का रे?'' असं आजी विचारायची आणि तो ''जी, दादी'' म्हणायचा. आजीला 'जी'चं फार कौतुक. आमच्या पोट्ट्याला येत नाही, म्हणायची.

मार्चच्या शेवटी एक दिवस गुड्डू धापा टाकत वर आला. आंतरशालेय शर्यतीत दुसरा आला होता, ते प्रमाणपत्र दाखवायला. बाबांनी ते हातात घेतलं. गोल अक्षरांत, निळ्या शाईत, वडिलांच्या नावासकट त्याचं शाळेतलं नाव लिहिलेलं होतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तुम्ही मनात एक घालून घेतलं असेलच.

बाबांनी ''शाब्बास'' म्हटलं, पाठ थोपटली, प्रमाणपत्र परत दिलं. त्यात खोट काही नव्हती. रात्री मात्र ते स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभे राहिले आणि बोलले ते आवाज उतरवून.

''अगं, गुड्डूचे लोक... त्यांच्यातले आहेत.''

''हो?'' बायकोनं कढईवर झाकण ठेवलं. ''मग?''

''मग काही नाही. मला काही प्रॉब्लेम नाही. आपलं सांगितलं.''

बस्स, एवढंच. एकही वावगा शब्द नाही. पण आपल्याकडे हळू आवाजात सांगायच्या गोष्टी ठरलेल्या असतात: कुणाचं दुखणं, कुणाचं कर्ज, कुणाच्या मुलीचं मोडलेलं लग्न. बाबांनी त्या रात्री त्यांत आणखी एक घातली. आणि फ्रिजच्या आडोशाला फरशीवर बसून गोलू कैरीची फोड तिखटमिठात बुडवत होता. कैरी खाणाऱ्या पोराकडे कोण लक्ष देतं?

एप्रिल उजाडला आणि बाबांच्या काळजीला खरं कारण मिळालं. 8 एप्रिल 2023 ला बेमेतरा जिल्ह्यातल्या बिरनपूर गावात शाळकरी मुलांच्या भांडणात मोठी माणसं उतरली आणि त्यातून दोन धर्मांची माणसं एकमेकांवर धावून गेली. एक तरुण मारला गेला. सोमवारी, 10 तारखेला, विश्व हिंदू परिषदेनं छत्तीसगढ बंद पुकारला. मंगळवारी त्याच गावाजवळ एका मुसलमान बापलेकाचे मृतदेह सापडले. 'बापलेक' हा शब्द बाबांनी पेपरात दोनदा वाचला, मग पेपर घडी करून गादीखाली सारला. गोलूला दिसू नये म्हणून.

बंदच्या दिवशी सगळे घरीच होते. दुपारी खाली पार्किंगमध्ये क्रिकेट चाललं होतं. एकाएकी आवाज चढले. ''आउट!'' ''नाही आउट! बॅटला लागलाच नाही!'' ''झूठा!'' ''तू झूठा!'' गोलूनं गुड्डूची कॉलर धरली होती, गुड्डूनं गोलूचे केस. या दोघांत हे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं आणि पाच मिनिटांत मिटायचंही. पण त्या दिवशी बाबांच्या पोटात गोळाच आला. लिफ्टची वाट न बघता ते चार मजले उतरून धावत आले, दोघांना ओढून वेगळं केलं, बॅट काढून घेतली. ''चला, घरी जा. दोघंही. घरी!'' गोलूचा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता की वर गेल्यावर त्याच्यावर चार बोटं उमटलेली दिसली.

दोन्ही पोरं तोंडाकडे बघत राहिली. आउट होता की नव्हता, हे तर बाबांनी विचारलंच नाही.

16 एप्रिलला, रविवारी संध्याकाळी सोसायटीची बैठक झाली. पार्किंगमध्येच, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून. समोसे, कागदी कपांत चहा. लिफ्टच्या कंत्राटावर चाळीस मिनिटं भांडण झालं, पाण्याच्या टाकीवर पंधरा. शेवटी एक सभ्य गृहस्थ उठले. बँकेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी सगळ्यांना नमस्कार करणारे. हात जोडून म्हणाले, ''हमें किसी से कोई प्रॉब्लेम नहीं है. लेकिन आजकल का माहौल देखिए. बच्चों की सुरक्षा का सवाल है.'' किरायेदार ठेवताना यापुढे घरमालकांनी थोडं 'बघून' ठेवावं, आणि तिसऱ्या मजल्यावरचा अकरा महिन्यांचा करार संपतोच आहे तर तो पुढे वाढवू नये, असं मालकाला सोसायटीतर्फे कळवावं.

'कोई प्रॉब्लेम नहीं' हे शब्द बाबांना ओळखीचे वाटले. कुठे ऐकले, ते आठवेना.

कुणीतरी म्हणालं, त्यांची संख्या फार वाढते आहे. बाबांना आकडा ठाऊक होता. काळजी करणारा माणूस आकडे पाठ ठेवतो. 2011 च्या जनगणनेत छत्तीसगढात मुसलमान शंभरात दोन, ख्रिस्ती दोनाहून थोडे कमी. आणि या सोसायटीत चाळीस घरांत एक. ते जिभेवर आलं होतं. समोस्याचा घास तोंडात होता. तो गिळेपर्यंत सेक्रेटरींनी विचारलं, ''सबकी सहमति है न?'' कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. पंखा फिरत होता. सेक्रेटरींनी रजिस्टरात लिहिलं: सर्वसम्मति से. चार मिनिटं लागली.

त्या रात्री आजी गोलूला गोष्ट सांगत होती. तात्यापाऱ्यातल्या माणसांना एका शेजाऱ्याचा मोठा अभिमान असतो, माधवराव सप्र्यांचा. त्यांनी 1900 साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' हे मासिक काढलं, दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं. 1926 मध्ये ते वारले, तेही रायपुरातच. त्यांची 1901 साली छापून आलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही गोष्ट हिंदीतली पहिली कथा म्हणून पुष्कळजण सांगतात. आजी तीच सांगत होती. जमीनदाराला महालाचं आवार वाढवायचं असतं, मध्ये एका म्हाताऱ्या विधवेची झोपडी येते. तो वकिलांना पैसे चारून झोपडी ताब्यात घेतो. म्हातारी एक दिवस येते आणि तिथली टोपलीभर माती मागते, नातीसाठी चूल घालायला. टोपली भरते आणि जमीनदारालाच म्हणते, जरा हात लाव. त्याला टोपली उचलवत नाही. म्हातारी म्हणते, एक टोपली उचलवत नाही, मग या सगळ्या जागेच्या मातीचा भार जन्मभर कसा उचलशील?

बाहेरच्या खोलीत बाबा ऐकत होते.

गोलूनं विचारलं, ''आजी, पण शेजारी होते ना? त्यांनी जमीनदाराला काही म्हटलं नाही?''

''गोष्टीत वकील आहेत, नोकर आहेत. शेजाऱ्यांचं काही नाही लिहिलं सप्र्यांनी.''

''का नाही?''

''गप्प बसलेल्या माणसाबद्दल काय लिहायचं, बाळा? झोप आता.''

मंगळवारी संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले तर गोलू पार्किंगच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत होता. टप, टप. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत गुड्डू कठड्यावर हनुवटी ठेवून उभा होता. दोघांची नजरानजर होत नव्हती, म्हणजे होऊ देत नव्हते.

वर आल्यावर बाबांनी विचारलं, ''काय रे, गुड्डू आला नाही खेळायला?''

गोलूनं आधी दाराकडे बघितलं. मग बाबांच्या जवळ सरकला. आवाज खाली आणला, इतका की बाबांना वाकावं लागलं.

''बाबा, तो... त्यांच्यातला आहे ना. मला काही प्रॉब्लेम नाही.''

बाबांच्या हातातलं हेल्मेट तसंच राहिलं.

''कुणी सांगितलं तुला हे? शाळेत? कोण बोललं? मोबाइलवर बघितलंस?''

''नाही.''

''मग? खरं सांग, मी रागावणार नाही.''

''तुम्हीच तर सांगत होतात आईला.'' गोलूचा चेहरा रडवेला झाला. आपलं चुकलं काय, हेच त्याला कळत नव्हतं. त्यानं वाक्य जसंच्या तसं म्हटलं होतं. मधला थांबासुद्धा.

गोलू आत गेल्यावर बाबा सोफ्यावर बसून राहिले. टीव्ही बंद, ग्रुप बंद, मोबाइलला मर्यादा, पेपर गादीखाली. सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि धूर निघत होता आपल्याच चुलीतून.

आजीला अर्थातच सगळं ऐकू गेलं होतं. ती गोलूच्या अभ्यासाच्या टेबलाशी गेली, पेन्सिली, खोडरबर, एक तुटकी कंपासपेटी बाजूला काढून ठेवली आणि ज्यात ते सगळं खोचलेलं असायचं तो कप आणून लेकासमोर ठेवला. पांढरा कप, काठाला निळी रेघ, कान तुटलेला. बाबांनी तो लहानपणापासून पाहिला होता. कधी विचारलं नव्हतं.

''हा कुणाचा, ठाऊक आहे?''

''आपलाच ना. वाड्यातला.''

''मणियार काकांचा. बैजनाथपाऱ्याहून यायचे.'' इथे जरा थांबून सांगायला हवं की रायपुरातल्या या मोहल्ल्याचं नाव महादेवाचं आहे आणि वस्ती बरीचशी मुसलमानांची, आणि आजवर यात कुणाला काही विचित्र वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. ''माझ्या लग्नात हिरवा चुडा त्यांनीच भरला. तात्यापाऱ्यातली एक नवरी त्यांच्या हातून सुटली नसेल. हात हातात घेऊन, तेल लावून, हळूहळू बांगडी चढवायचे. दुखलं की डोळ्यांत पाणी त्यांच्याही यायचं. हात धरलेला चालायचा. चहा मात्र या कपात. हा कप विहिरीजवळच्या खुंटीला टांगलेला असायचा. ते पीत, तेच विसळत, तेच टांगून जात.''

''तुला कुणी सांगितलं होतं, असं कर म्हणून?''

''तेच तर. कुणी नाही सांगितलं. सासूबाई कधी एक वाईट शब्द बोलल्या नाहीत त्यांच्याबद्दल, उलट आवर्जून चिवडा द्यायच्या. फक्त कप हळूच वेगळा काढायच्या. मी बघितलं, मी शिकले. काका गेले तेव्हा तोच कप भांडी घासायला यायची तिच्या वाट्याला आला. डी. बी. गर्ल्सची बी. ए. आहे मी! पुस्तकं वाचलेली बाई. आणि हाच कप वीस वर्षं मी खुंटीवरून काढून देत आले.''

''मग इथे कशाला आणलास?''

''फेकवेना,'' आजी म्हणाली. ''पोराच्या पेन्सिली राहू दे म्हटलं त्यात.''

ती उठता उठता पुन्हा बसली. ''त्या अकोल्याच्या बुवाची सारखी बोंब मारतोस. त्याच दिवशी त्याच मंचावरून आणखी कोण उठलं, ते आठवतं?''

आठवत होतं. दूधाधारी मठाचे महंत रामसुंदर दास त्या धर्मसंसदेचे संरक्षक होते. गांधीजींना शिवी दिलेली ऐकल्यावर त्यांनी माईकवर जाऊन, भर सभेत, हे मला मान्य नाही, माझा याच्याशी संबंध नाही, असं सांगितलं आणि ते निघून गेले. दूधाधारी मठ म्हणजे आजीच्या लेखी घरचा. केवळ दुधावर राहणाऱ्या बलभद्रदास महंतांवरून मठाला हे नाव पडलं, भोसल्यांच्या काळात त्याला राजाश्रय मिळाला, आणि आजीचं कॉलेज, कालीबाडीचं दूधाधारी बजरंग महिला महाविद्यालय, तेही त्याच नावाचं.

''बोलावणं त्यांचंच, मांडव त्यांच्याच नावावर उभा. तरी उठले,'' आजी म्हणाली. ''आणि तू समोसा खात बसून राहिलास.''

बैठकीचं तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. गॅलरीतून सगळी पार्किंग दिसते, एवढं खरं.

2023 मध्ये अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकाच दिवशी आली, 22 एप्रिलला, शनिवारी. छत्तीसगढात अक्षय तृतीयेला अक्ती म्हणतात. त्या दिवशी मुलं मातीच्या पुतरा-पुतरीचं लग्न लावतात, हळद, वरात, पंगत, सगळं रीतसर. आदल्या आठवड्यापासून गोलबाजारात मातीच्या नवरानवरींच्या जोड्या मांडलेल्या असतात. आपल्या घरांत पितरांच्या नावानं घागर भरतात. आजीनं सकाळीच घागर पुजली, आमरस काढला.

बाबा नऊ वाजता सेक्रेटरींच्या घरी गेले. जाताना जिन्यात तीन वेळा वाक्य म्हणून बघितलं. तरी प्रत्यक्षात आवाज कापलाच.

''रविवारच्या ठरावात सर्वसंमती लिहिलं आहे. माझी संमती नव्हती. माझा विरोध नोंदवा.''

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. चहा विचारला. म्हणाला, ''उस दिन तो आप कुछ बोले नहीं.''

''उस दिन नहीं बोला. इसीलिए आज आया हूँ.''

''इससे होगा क्या?''

याचं उत्तर बाबांजवळ नव्हतं. रजिस्टर आलं. 'सर्वसम्मति से' यावर एक आडवी रेघ, शेजारी 'एक विरोध', फ्लॅटचा नंबर, सही. सही करताना त्यांना टोपलीची आठवण झाली की नाही, ते मला माहीत नाही. हाताला घाम आला होता, एवढं त्यांनी स्वतः सांगितलं.

मग गोलूला घेऊन तिसऱ्या मजल्यावर. गोलूच्या हातात आमरसाचं पातेलं. दार उघडायला वेळ लागला. उघडल्यावर बाबा ''ईद मुबारक!'' इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या घराचं दारही उघडलं. हळू बोलायचं नाही, एवढंच मनात धरलं होतं, आणि किती मोठं बोलायचं याचा अंदाज सुटला होता. गुड्डूची आई दचकली, मग हसली. आत नेलं. शेवयांच्या वाट्या आल्या. गुड्डू नव्या कुर्त्यात अवघडून उभा होता. गोलूनं त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, ''बॅटला लागला होता. तू खरं बोलत होतास.'' बारा दिवस हे त्यानं पोटात ठेवलं होतं. पोरं खाली पळाली.

गुड्डूचे वडील बाबांच्या जवळ सरकून बसले. आतल्या खोलीत धाकटी मुलगी झोपली होती. त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

''मालिक का फोन आ गया है, भाईसाहब. जून में खाली करना है. बच्चों को अभी बताया नहीं.''

तोच आवाज. बाबांना तो आता कुठेही ओळखू आला असता. वाटीतल्या शेवया निवत गेल्या. रजिस्टरात काय लिहून आलो, ते सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

खालून ओरडण्याचा आवाज आला. गोलू पार्किंगमधून सगळ्यांना खेळायला बोलावत होता, सोसायटीभर ऐकू जाईल असा. मध्येच त्यानं गुड्डूला हाक मारली ती घरच्या नावानं नाही, प्रमाणपत्रावरच्या पूर्ण नावानं, वडिलांच्या नावासकट. मॅचमध्ये खेळाडूंची नावं पुकारतात तशी. गुड्डूचे वडील एकदम ताठ झाले. मग खुर्चीत मागे टेकले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिसरा मजला रिकामा झाला. टेम्पोत सामान चढवताना आजी खाली उतरून उभी होती. गुड्डूला तिनं पन्नासाची नोट दिली, तो ''जी, दादी'' म्हणाला. तिला त्या वेळी बोलता आलं नाही. इतर दोन सोसायट्यांत घर मिळता मिळता राहिलं, शेवटी बिऱ्हाड बैजनाथपाऱ्यात गेलं. सोसायटीच्या रजिस्टरात त्या पानावर पुढे आणखी एक सही आली. पहिल्या मजल्यावरच्या एका शाळामास्तरीणबाईंनी जुलैत येऊन केली, कुणी न सांगता. अडतीस घरं अजून संमतीतच आहेत.

रविवारी सकाळी बाबा गोलूला स्कूटरवरून बैजनाथपाऱ्यात खेळायला सोडतात आणि अकराला आणायला जातात. गुड्डूच्या घरी तोवर चहा झालेला असतो. घरातले सगळे ज्या कपांत पितात, त्यांतल्याच एका कपात तो बाबांना मिळतो.